राग आणि बंदूक

आपल्याकडे बंदूक ठेवायला सरकारचा परवाना लागतो. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा लोकांचा हक्क आहे. १७९१ साली तो तेथल्या घटनेत लिहिला गेला. आज तेथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत.

घराच्या राखणीला बंदूक हवी, असे तेथले लोक म्हणतात. पण २०१२ साली काय झाले पाहा. कनेटिकट राज्यातल्या एका तरुणाने आईच्याच बंदुका घेतल्या. आधी आईला मारले. मग शाळेत जाऊन २० मुले व ६ मोठी माणसे मारली.

ऑस्ट्रेलिया देशात १९९६ साली एकाने ३५ माणसे मारली. सरकारने कायदा कडक केला. लोकांना पैसे देऊन ६ लाखांवर बंदुका परत घेतल्या.

आम्ही म्हणतो, राग कोणालाही येतो. हात रिकामा असला तर तो निवतो. हातात बंदूक असली तर निवायला वेळच मिळत नाही.