पहिला पगार होईपर्यंतचं लंडन

लंडनच्या नोकरीचं पत्र आलं की घरात सगळ्यात आधी गुणाकार होतो. वर्षाला ५५ हजार पौंड आणि २०२४ च्या सुरुवातीच्या दराने पौंड १०५ रुपयांच्या आसपास, म्हणजे जवळपास ५८ लाख रुपये. तेव्हा आमच्याही घरी हा गुणाकार झाला आणि नाशिकला सासूबाईंनी पेढे वाटले. आनंद खरा होता. पण जायची तयारी करताना हा आकडा काहीच कामाचा नसतो. खरा हिशेब वेगळा असतो. इथलं घर सोडल्यापासून तिथला पहिला पगार खात्यात जमा होईपर्यंत किती पैसे लागणार, कोणत्या तारखेला लागणार आणि ते रोख हाताशी असणार का, हे मांडावं लागतं. जी कुटुंबं पहिल्याच वर्षात परत आलेली मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा पगार चांगला होता. त्यांच्याकडे सुरुवातीचे तीन महिने काढण्याइतकी रोकड नव्हती.

पहिला मोठा खर्च भारतात असतानाच येतो. ब्रिटनच्या व्हिसासोबत इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. तो वर्षागणिक आकारला जातो, पण व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांची रक्कम एकदम आणि अर्ज करतानाच भरायची असते. ६ फेब्रुवारी २०२४ ला हा दर मोठ्या माणसासाठी वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ झाला आणि मुलांसाठी ४७० वरून ७७६. आमचा अर्ज त्यानंतरचा. माझा खर्च कंपनीने उचलला. नवरा आणि मुलगी यांचा तीन वर्षांचा सरचार्ज आमच्याकडे होता, तो ३,२८२ वरून ५,४३३ पौंडांवर गेला. वाढ सव्वादोन लाख रुपयांची. दोघांचं व्हिसा शुल्क प्रत्येकी ७१९ पौंड. सगळं मिळून सव्वासात लाखांच्या जवळ रक्कम विमानात बसण्याआधीच गेली. म्हणून हे दर कुणा ओळखीच्याच्या सांगण्यावर धरू नका, अर्ज भरायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पाहा. व्हिसा नाकारला गेला तर सरचार्ज परत मिळतो, शुल्क मिळत नाही. आणि पगाराची बोलणी करताना एक प्रश्न विचाराच, कुटुंबाचा सरचार्ज कोण भरणार? उत्तर लेखी घ्या. वर्षाला दोन हजार पौंड वाढवून मिळण्यापेक्षा हा खर्च कंपनीने उचलणं पुष्कळदा जास्त फायद्याचं ठरतं, कारण वाढीव पगारावर कर लागतो आणि तो हातात येतो महिन्यामहिन्याने.

इथे एका सरकारी आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण त्यावर विसंबून गेलेली माणसं मला भेटली आहेत. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी अर्जदाराच्या खात्यात १,२७० पौंड, जोडीदारासाठी २८५ आणि पहिल्या मुलासाठी ३१५ पौंड सलग २८ दिवस असल्याचं दाखवावं लागतं. कंपनीने हमी घेतली तर तेही लागत नाही. तिघांचे मिळून १,८७० पौंड होतात. लंडनमध्ये दोन खोल्यांच्या साध्या फ्लॅटचं जेमतेम एका महिन्याचं भाडं त्यात निघेल. ती व्हिसाची अट आहे, तेवढ्यात संसार उभा राहत नाही.

घराच्या बाबतीत सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. आम्हाला वेम्बली-हॅरो भागात १,८०० पौंड भाड्याचा फ्लॅट आवडला. इंग्लंडमध्ये २०१९ पासूनच्या कायद्याने डिपॉझिटवर मर्यादा आहे. वार्षिक भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. घर राखून ठेवण्यासाठी फार तर एका आठवड्याचं भाडं घेता येतं, आणि डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं. १,८०० भाड्यावर डिपॉझिट सुमारे २,०७७ पौंड. इथपर्यंत आमचा हिशेब बरोबर जुळत होता. मग एजंटने विचारलं, ब्रिटनमधली क्रेडिट हिस्टरी आहे? इथे राहणारा जामीनदार आहे? नव्याने गेलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्यावर त्याने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. १०,८०० पौंड आणि वर डिपॉझिट, म्हणजे साडेतेरा लाख रुपये, तेही त्याच आठवड्यात. आम्ही ते घर सोडलं. कंपनीचं पगाराचं पत्र आणि पुण्याच्या खात्यांचे दोन वर्षांचे उतारे दाखवून दुसऱ्या मालकाला तीन महिन्यांच्या आगाऊ भाड्यावर तयार केलं. तरीही एका दिवसात साडेसात हजार पौंड गेले. तोवर सर्व्हिस अपार्टमेंटचं बिल रोज शंभर पौंडांच्या पुढे चालूच होतं.

आता यात मोठा फरक पडला आहे. २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टने इंग्लंडमध्ये एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ घेण्याला मनाई केली, आणि १ मे २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. नव्याने जाणाऱ्यांची मोठी चिंता यामुळे कमी होईल. पण मालकाला खात्री तर हवीच असते. त्यामुळे कंपनीचं पत्र, बँकेचे उतारे आणि आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भारतातून एक पौंडही पाठवू नका. ओळखीचं कुणी जाऊन पाहील तर उत्तम. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि अशा वेळी मराठी माणसं खरोखर धावून येतात.

पैसे पाठवण्याची तारीखसुद्धा ठरवून ठेवावी. आम्ही गेलो तेव्हा एका आर्थिक वर्षात सात लाखांहून जास्त रक्कम परदेशी पाठवली की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापून घेत असे. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली. कापलेली रक्कम आयकरात वळती होते किंवा परत मिळते, पण विवरणपत्र भरेपर्यंत अडकून राहते, आणि पैशांची खरी ओढ नेमकी त्याच महिन्यांत असते. मर्यादा प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक आर्थिक वर्षाला वेगळी असते. आम्ही काही रक्कम माझ्या खात्यातून आणि काही नवऱ्याच्या खात्यातून पाठवली. थोडी मार्चअखेर गेली, उरलेली एप्रिलमध्ये. त्यामुळे एक रुपयाही अडकला नाही. जाण्याची तारीख मार्च-एप्रिलच्या आसपास असेल तर हे जरूर करा.

पहिला पगार कधी होणार हे रुजू होण्याआधीच विचारून घ्या. ब्रिटनमध्ये पगार बहुधा महिनाअखेर होतो, आणि त्या महिन्याची यादी मध्यावरच बंद होते. मी एप्रिलच्या उत्तरार्धात रुजू झाले, त्यामुळे हातात पैसे आले ते मेअखेर. रुजू होण्याची तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली मागून घेतली तर हा ताण बराच हलका होतो.

आता तो ५८ लाखांचा आकडा पुन्हा मांडून पाहू. ५५ हजारांतले १२,५७० पौंड करमुक्त. ५०,२७० पर्यंत २० टक्के कर, त्यावर ४० टक्के. शिवाय नॅशनल इन्शुरन्स. हे सगळं वजा जाता महिन्याला सुमारे ३,५४० पौंड उरतात. पेन्शनची कपात धरली तर माझ्या हाती साधारण ३,४०० येत. त्यातले १,८०० भाड्याचे. काउन्सिल टॅक्स दीडशे, वीज-गॅस-पाणी दोनशे, प्रवास दोनशे, वाणसामान आणि भाजीपाला साडेचारशे, फोन आणि इंटरनेट पन्नास. उरले साडेपाचशे. नाशिकच्या फ्लॅटचा २८ हजारांचा हप्ता थांबत नव्हता, तो दरमहा २६७ पौंड खात असे. शेवटी पावणेतीनशे पौंड शिल्लक, आणि त्यातूनच थंडीचे कोट, बूट, शाळेचा गणवेश, नवऱ्याच्या मुलाखतींचे प्रवास. त्याला काम करण्याची परवानगी होती, पण नोकरी मिळायला वेळ लागला. जोडीदाराचा पगार पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरू नका. मिळाला तर तो पूर्ण वाचवा.

बचतीच्या जागाही आहेत, त्या माहीत असल्या की धीर येतो. सरकारी शाळा मोफत. लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून सगळ्या मुलांना दुपारचं जेवणही मोफत आहे. मोठ्या माणसाबरोबर असलेल्या अकरा वर्षांखालच्या मुलांना ट्यूब आणि बसमध्ये तिकीट नाही. बसचं एक तिकीट तासाभरात कितीही बसगाड्यांना चालतं. म्हणून नुसतं भाडं न बघता भाडं आणि प्रवास यांची बेरीज बघून घर निवडा. आणि दात व चष्मे भारतातच करून घ्या, दोन जास्तीचे चष्मे बरोबर ठेवा. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं न्या. डाळ-पीठ नेऊ नका, साउथॉल, वेम्बली आणि टूटिंगला सगळं मिळतं.

लंडनसाठी पैसे साठवण्याचा विषय निघाला की मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना तिथलं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. किंग हेन्रीज रोडवरच्या त्यांच्या घरात मी मुलीला घेऊन गेले आहे. आपल्या नोकरीची त्या तपश्चर्येशी तुलना होत नाही, पण पुरेसा पैसा जमेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही, एवढं बळ त्या घरातून मला मिळालं.

शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्किल्ड वर्कर व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली तर दुसरी कंपनी शोधायला साधारणपणे ६० दिवस मिळतात, आणि सरकारी भत्त्यांवर आपला हक्क नसतो. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका मराठी जोडप्यावर ही वेळ आली. साठ दिवसांतले पहिले पंधरा परतीच्या तिकिटाचे पैसे जमवण्यात गेले, मुलाखतींकडे लक्ष द्यायला मन थाऱ्यावर नव्हतं. म्हणून दोन महिन्यांचा पूर्ण खर्च आणि सगळ्यांची परतीची तिकिटं एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. ती फर्निचरला वापरू नका, डिपॉझिटलाही नाही.

माझ्या अनुभवाने, तीन माणसांच्या कुटुंबाला व्हिसापासून पहिल्या पगारापर्यंत अठरा ते वीस हजार पौंड लागतात, आणि ही राखीव रक्कम त्याहून वेगळी. आगाऊ भाड्याचा नवा नियम धरला तरी त्यातले दोन-तीन हजारच कमी होतील. एवढे पैसे जमले नसतील तर सोनं गहाण ठेवून किंवा क्रेडिट कार्डावर निघू नका. कंपनीला रुजू होण्याची तारीख दोन-तीन महिने पुढे मागा, किंवा एकट्याने आधी जाऊन खोली भाड्याने घ्या आणि कुटुंबाला मागाहून बोलवा. कंपन्या तारीख पुढे देतात. मात्र हे पत्रावर सही करण्याआधी विचारा.