भाजक उलटा का करायचा?

प्रश्न : आमची मुलगी सहावीत आहे. अपूर्णांकाने भागताना ‘भाजक उलटा करा आणि गुणा’ असं वर्गात शिकवलंय. ती उदाहरणं बरोबर सोडवते, पण परवा विचारत होती, ‘भागल्यावर संख्या लहान व्हायला हवी ना? मग इथं उत्तर मोठं कसं येतं? आणि उलटा करायचाच कशाला?’ ‘तसा नियमच आहे’ यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. यामागे खरंच काही कारण आहे का?
– एक पालक, कराड

उत्तर : कारण आहे, आणि सहावीच्या मुलीला कळेल इतकं सोपं आहे. फक्त तिचे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे सोडवायला हवेत.

आधी उत्तर मोठं का येतं ते पाहू. लहानपणापासून भागाकार म्हणजे वाटणी असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं : बारा लाडू, तीन मुलं, प्रत्येकी चार. या वाटणीत अर्धं मूल कुठून आणणार? पण भागाकाराचं दुसरं रूपही तिला ठाऊक आहे, आठवण करून द्यायचा अवकाश. बारा लाडू आहेत, एका डब्यात तीन मावतात, तर डबे किती लागतील? आता लाडवांऐवजी दोन लिटर दूध घ्या आणि पाव लिटरच्या पिशव्या भरा. आठ भरतात. म्हणजे २ ÷ १/४ = ८. माप जितकं लहान तितक्या जास्त वेळा ते भरणार, मग उत्तर वाढलं यात नवल ते काय?

आता जरा अवघड घेऊ : पावणेदोन भागिले अर्धा. कागदाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या कापा. एकीचा पाव भाग कापून टाका, म्हणजे हातात पावणेदोन पट्ट्या राहतील. अर्ध्या पट्टीएवढं माप वेगळं कापून मुलीला द्या आणि ते किती वेळा बसतं ते मोजायला सांगा. पूर्ण पट्टीवर दोनदा बसेल, दुसरीवर एकदा, आणि पाव पट्टी उरेल. या टप्प्यावर पुष्कळ मुलं ठामपणे ‘सव्वातीन’ म्हणतात. लगेच चूक म्हणू नका. उरलेला तुकडा मापावर ठेवून बघायला सांगा. त्यानं माप बरोबर निम्मं झाकलं जातं. तुकडा पट्टीच्या हिशेबानं पाव असला तरी मापाच्या हिशेबानं अर्धा आहे, आणि आपण मोजतोय मापं. म्हणून साडेतीन. माझ्या मते या अख्ख्या धड्यातली खरी अवघड जागा ही. नियम पाठ केलेलं मूल तिथं न थांबताच पुढे निघून जातं.

हे उदाहरण मुद्दाम निवडलंय. लिपिंग मा या संशोधिकेच्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना हेच सोडवायला दिलं होतं आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरणही रचायला सांगितलं होतं. त्यांचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. चिनी शिक्षकांची सगळी उत्तरं बरोबर होती. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांचं उत्तर बरोबर आलं, आणि शाब्दिक उदाहरण अर्थाला धरून रचता आलं ते एकालाच. बरेच जण खाऊ दोघांत सारखा वाटून मोकळे झाले, म्हणजे अर्ध्यानं भागायच्या जागी दोनानं भागून बसले. आपल्याकडे हा प्रयोग केला तर काय होईल, यावर मी पैज लावणार नाही.

आता ‘उलटा कशाला’ याकडे वळू. पाऊण किलो वांगी ६० रुपयांना घेतली, तर किलोचा भाव काय? मांडायचं झालं तर ६० ÷ ३/४. भाजीवाली वही-पेन शोधत बसत नाही. पाऊण म्हणजे तीन पाव, तेव्हा ६० ला तीननं भागून पावकिलोचे २० झाले. किलोत चार पाव, म्हणून २० चोक ८०. तिनं आधी तीननं भागलं आणि मग चारनं गुणलं. ४/३ नं गुणणं म्हणजे नेमकं हेच. अंशानं भागून आपण एका पावावर येतो, छेदानं गुणून पूर्ण किलोवर जातो. पाऊणच्या जागी दोन-पंचमांश असते तर दोननं भागून पाचनं गुणलं असतं, एवढाच फरक.

पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला असले हिशेब तोंडी यायचे. ते पाढे परत आणा असा माझा आग्रह नाही. पण ‘एक छेद चार’च्या जोडीला ‘पाव’ हा शब्द वर्गात सारखा कानावर पडायला हवा, नाहीतर बाजार आणि वही यांची गाठच पडत नाही.

नियम मात्र जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भाजकाच्या अंश-छेदांची अदलाबदल करून गुणायला सांगितलंय. ग्रंथ पद्यात आहे, त्यात नियम थोडक्यात येतात. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये त्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. ‘तसा नियमच आहे’ म्हटल्यावर गप्प न बसणारी तुमची मुलगी पहिली नव्हे.

तिला कळलंय की नाही हे पाहायला आणखी गणितं घालू नका, ती तर ती सोडवतेच. पावणेदोन भागिले अर्धा यावर तिला स्वतःचं शाब्दिक उदाहरण रचू द्या. त्यात दोन भावंडं आली आणि वाटणी सुरू झाली, की पट्ट्या पुन्हा बाहेर काढा. जमलं तर २/३ ÷ ३/४ द्या, पण आधी फक्त एवढंच विचारा की उत्तर एकापेक्षा मोठं येईल की लहान. पाऊणचं माप दोन-तृतीयांशात एकदाही पुरतं बसत नाही, तेव्हा लहानच. किती लहान, ते समच्छेद करून दिसतं : आठ-बारांश आणि नऊ-बारांश, म्हणजे नऊ तुकड्यांच्या मापातले आठच भरले, उत्तर ८/९. परीक्षेत मात्र तिला खुशाल उलटा करून गुणू दे, तिथं घड्याळ पुढे पळत असतं.