मोबाईलवरचा आरोग्य सर्वे: आरमोरीच्या मुलांसाठी काम की करिअर?

आरोग्य सर्वेक्षणाचं काम सुचवलं की पालक पहिलं विचारतात, "परमनंट आहे का?" नाही. फिरून माहिती गोळा करण्याची नोकरी बहुधा कंत्राटी, प्रकल्पासोबत संपणारी. हे मान्य करूनच पुढचं बोलू.

गडचिरोलीत हे काम मोबाईलच्या आधीपासून चालत आलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावोगावचे जन्म-मृत्यू कागदावर नोंदवले. ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन केलेला त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि ती पद्धत पुढे देशभरच्या आशाताईंपर्यंत पोचली. गावातल्या माणसांनी नोंदी नीट ठेवल्या नसत्या, तर त्यात सिद्ध काय करणार होते?

आता 'ओडीके', 'कोबो' अशी फुकट ॲप आहेत. कोरची-धानोऱ्याच्या जंगलात रेंज नसली तरी फॉर्म फोनमध्ये साठतो, नंतर पाठवता येतो. फॉर्ममध्ये तशी अट घातली असेल तर पुरुषाला गरोदरपणाचा प्रश्न येत नाही, बाळाचं वजन ८० किलो टाकलं तर ॲप अडवतं.

वय मात्र त्याला कळत नाही. आजी म्हणते "साठ असंल", ॲप साठ घेतं. म्हणून तर सर्वेक्षणांत शून्य आणि पाचवर संपणारी वयं गर्दी करतात. लहान मुलाचं कुपोषण बऱ्याचदा वयानुसार वजनावरून ठरतं; तिथं दोन-तीन महिन्यांची चूकही निकाल फिरवते. "रोवणीच्या आधी झाला का नंतर? पोळा झाला होता?" असं विचारत महिना काढणारी, झाडीबोली नि गोंडी समजणारी पोरगी इथं पुण्याच्या पदवीधराला मागं टाकते. माझ्या मते आपल्या मुलांचं खरं भांडवल हेच आहे. ॲप काय, दोन दिवसांत येतं.

पण आयुष्यभर फॉर्मच भरत राहू नका, फॉर्म बांधायलाही शिका. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲप ही त्यांची तक्रार होती. असे फॉर्म नीट मराठीत बांधणारे, आलेला डेटा तपासणारे लोक हवेत. त्यासाठी पदवीला संख्याशास्त्र घ्या, एक्सेल पक्कं करा, मग 'आर' ही संगणकभाषा शिका. पुढे मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था आहे, तिथल्या प्रवेशपरीक्षेची चौकशी आत्ताच करा.

रुजू होण्याआधी पालकांनी विचारावं: प्रवासखर्च कोण देणार, मुलींच्या मुक्कामाची सोय काय, पैसे महिन्याचे की फॉर्ममागे? फॉर्ममागे असतील तर सांभाळून. घाईत झाडाखाली बसून दहा घरं 'भरायचा' मोह होतो, आणि वेळ नि जीपीएस नोंदवायला लावलं असेल तर ॲप ते सगळं पर्यवेक्षकाला सांगतं.