दिवंगत सैनिकांना मोटारसायकलस्वारांची सोबत

युद्धात धारातीर्थी पडलेल्या जवानाचे पार्थिव गावी येते तेव्हा सारा गाव वेशीपर्यंत लोटतो. ज्यांनी त्या जवानास कधी पाहिलेही नसते, त्यांचेही डोळे पाणावतात. परंतु तोच जवान रणांगणावरून सुखरूप परतला, निवृत्त झाला आणि पुढे तीस-चाळीस वर्षांनी वार्धक्याने अंथरुणावर मरण पावला, तर घरची मंडळी व चार शेजारी यांपलीकडे त्याच्या अंत्ययात्रेस फारसे कोणी असत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही उणीव काही अंशी भरून काढणारी एक लोकचळवळ २००५ पासून उभी राहिली आहे. ती मोटारसायकलस्वारांची आहे, विनावेतन चालते, आणि तिचा आरंभ एका अत्यंत कटू प्रसंगातून झाला.

मोटारसायकल आणि सैनिक यांचे नाते त्या देशात जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसन कंपनीने सैन्यासाठी हजारो मोटारसायकली बनविल्या. युद्ध संपल्यावर घरी परतलेल्या तरुणांपैकी अनेकांना हे वाहन सोडवेना. त्यांनी गावोगावी मंडळे स्थापन केली. त्यांतील काहींच्या दांडगाईमुळे चामडी जाकीट घातलेला मोटारसायकलस्वार म्हणजे उडाणटप्पू, अशी समजूत रूढ झाली व ती बरीच वर्षे टिकली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची व्यथा निराळीच होती. ते युद्ध लोकांस नकोसे झाले होते, आणि त्याचा राग पुष्कळदा लढून आलेल्यांवरच निघाला. स्वागताविना घरी परतलेल्या या पिढीतील माणसांनी १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथे युद्धकैदी व बेपत्ता सैनिकांच्या स्मरणार्थ मोटारसायकलींची मोठी फेरी काढली. ‘रोलिंग थंडर’ या नावाने ती पुढे २०१९ पर्यंत दरवर्षी निघत असे. १९९३ मध्ये मिशिगन राज्यातील गार्डन सिटी येथे ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या एका शाखेत स्वारांचे स्वतंत्र पथक निघाले आणि त्याचे अनुकरण इतर शाखांनी केले.

२००५ साली इराकमध्ये युद्ध चालू होते आणि शवपेट्या घरोघरी येत होत्या. त्याच सुमारास कान्सास राज्यातील टोपेका शहरातील वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च या एका लहानशा पंथाने सैनिकांच्या अंत्यविधींच्या ठिकाणी निदर्शने करण्यास प्रारंभ केला. फ्रेड फेल्प्स हा त्यांचा प्रमुख. अनुयायी बहुतांशी त्याच्याच कुटुंबातील. समलिंगी संबंध सहन करणाऱ्या राष्ट्राला परमेश्वर शासन करीत आहे व सैनिकांचे मृत्यू हा त्या शासनाचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मृत सैनिकांबद्दल परमेश्वराचे आभार मानणारे फलक हाती घेऊन ही मंडळी चर्चबाहेर व दफनभूमीच्या रस्त्यावर उभी राहत. पुत्राची शवपेटी खांद्यावर घेतलेल्या पित्याला ते फलक वाचावे लागत, यापेक्षा अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

कान्सासमधील मलव्हेन या छोट्या गावी अमेरिकन लीजनच्या स्वारांची एक शाखा होती. त्यांनी यावर उपाय योजण्याचे ठरविले. धक्काबुक्की केली असती तर निदर्शकांचेच फावले असते, कारण त्यांना प्रसिद्धी हवी होती. तेव्हा निदर्शकांकडे पाठ करून, हाती राष्ट्रध्वज घेऊन, शोकाकुल कुटुंब व ते फलक यांच्या मध्ये मुकाट्याने उभे राहावयाचे, असा मार्ग त्यांनी काढला. ऑक्टोबर २००५ मध्ये शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातील चेल्सी गावी एका सार्जंटच्या अंत्यविधीस ते याप्रमाणे गेले. लवकरच ‘पॅट्रियट गार्ड रायडर्स’ ही देशव्यापी संघटना आकारास आली.

या संघटनेचा पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा होय. कुटुंबाने बोलाविल्याखेरीज जावयाचे नाही. वर्तमानपत्रात बातमी आली, स्वारांची मने कितीही भरून आली, तरी घरच्यांचा होकार मिळेपर्यंत कोणी हलत नाही. शोक घरच्यांचा आहे आणि आपण केवळ सोबतीस आलो आहोत, ही जाणीव या नियमात आहे. समाजकार्यात उत्साहाच्या भरात हीच गोष्ट विसरली जाते, हे गावपातळीवर काम करणाऱ्यांस ठाऊक असेलच. दुसरा नियम असा की, जे करावयाचे ते कायद्याच्या मर्यादेत व अहिंसेने. निदर्शकांशी बोलावयाचे नाही, त्यांच्याकडे पाहावयाचेही नाही. त्यांच्या घोषणा फारच वाढल्या तर प्रसंगी इंजिनांचा आवाज चढविला जाई किंवा देशभक्तिपर गीते म्हटली जात. सभासदाने सैनिक असलेच पाहिजे असे नाही. त्याच्याकडे मोटारसायकल असावी अशीही अट नाही, आणि वर्गणी तर नाहीच.

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणे चालते. ठरलेल्या जागी स्वार बरेच आधी जमतात. पथकप्रमुख मार्ग, वेग व वळणे समजावून देतो. विमानतळावरून पार्थिव यावयाचे असल्यास तेथपासून, नाहीतर अंत्यविधीगृहापासून शववाहिनीच्या सोबतीने जातात. वाहने दोन रांगांत, परंतु शेजारी-शेजारी नव्हे तर एकाआड एक अशी चालविली जातात, म्हणजे पुढचा अचानक थांबला तरी मागच्यास बाजू काढता येते. मोठ्या चौकांत पोलीस वाहतूक थोपवून धरतात. चर्चच्या दारी पोहोचल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंना ध्वजधाऱ्यांच्या रांगा उभ्या राहतात आणि शवपेटी त्यांमधून आत नेली जाते. कडाक्याच्या थंडीत वा भर उन्हात तासन्‌तास असे उभे राहणाऱ्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले व्हिएतनामचे सैनिकही पुष्कळ असतात. आपल्या वाट्यास जे स्वागत आले नाही ते दुसऱ्याच्या वाट्यास यावे, ही त्यांची भावना असते.

निदर्शने कायद्यानेच बंद का केली नाहीत, असा प्रश्न येथे कोणासही पडेल. मॅथ्यू स्नायडर या नौदल-पायदळाच्या जवानाच्या मार्च २००६ मधील अंत्यविधीच्या वेळी मेरीलँड राज्यात निदर्शने झाली, म्हणून त्याच्या पित्याने फिर्याद लावली. ज्यूरीने भरपाई मंजूर केली, परंतु वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरविला. २ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने निदर्शकांच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक जागी, सार्वजनिक प्रश्नावर, शांततेने केलेले भाषण कितीही क्लेशदायक असले तरी त्यास राज्यघटनेचे संरक्षण आहे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी म्हटले. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांचे एकट्याचे मत विरुद्ध पडले. कायद्याने तेवढे अंतर व वेळ यांची बंधने घातली. २००६ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय दफनभूमीपासून ३०० फुटांच्या आत, विधीच्या आधी व नंतर एक तास निदर्शनांस मनाई झाली. २०१२ मध्ये ती मुदत दोन तासांची करण्यात आली. तीनशे फुटांवरूनही मोठ्या अक्षरांतील फलक वाचता येतो. जेथे कायद्याची हद्द संपत होती तेथे ध्वज घेतलेली माणसेच उभी राहू शकत होती.

फेल्प्स २०१४ साली मरण पावला. स्वारांचे काम मात्र थांबले नाही, त्याचे स्वरूप बदलले. आता बोलावणी येतात ती बहुधा वृद्धापकाळाने वारलेल्या माजी सैनिकांच्या घरून. सरकारने १ जानेवारी २००० पासून प्रत्येक पात्र माजी सैनिकास किमान मानवंदनेचा हक्क दिला आहे. त्यानुसार गणवेशातील निदान दोघे येतात, राष्ट्रध्वजाची त्रिकोणी घडी घालून ती वारसाच्या हाती देतात आणि बिगुलावर ‘टॅप्स’ ही चोवीस स्वरांची धून वाजविली जाते. बिगुलवादकांची इतकी टंचाई आहे की, २००३ पासून पुष्कळ ठिकाणी बिगुलात एक विजेवर चालणारे ध्वनियंत्र बसवितात व सैनिक तो नुसता ओठांशी धरतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे बेळगावकरांच्या कानांस बिगुल परिचित आहे; त्यांना हे ऐकून वाईट वाटेल. तरीही धून वाजते, हे खरे. दोन सैनिक व एक ध्वनियंत्र यांच्यासमोर एकटीच बसलेली वृद्ध पत्नी, या चित्रात वीस-पंचवीस ध्वजधाऱ्यांची भर पडली म्हणजे काय फरक होतो, हे सहज ध्यानी येईल.

त्याहून एकाकी प्रसंगही असतात. अंत्यविधीगृहांच्या फडताळांवर दहनानंतरची रक्षा असलेले कित्येक कलश न्यावयास कोणी न आल्यामुळे वर्षानुवर्षे, कधी कधी अनेक दशके पडून राहतात. त्यांत माजी सैनिकांचे किती, हे शोधण्यासाठी ‘मिसिंग इन अमेरिका प्रॉजेक्ट’ ही स्वयंसेवी संस्था काम करते. स्वयंसेवक अंत्यविधीगृहांत जाऊन नावे व जन्मतारखा उतरवून घेतात, सरकारी नोंदींशी ताडून पाहतात, आणि सेवेची खात्री पटल्यावर त्या रक्षेस राष्ट्रीय किंवा राज्याच्या सैनिकी दफनभूमीत जागा मिळवून देतात. दफनाच्या दिवशी कलशांमागून मोटारसायकली चालतात. ध्वजाची घडी तयार होते, पण ती घेण्यास वारस नसतो. अशा वेळी जमलेल्या स्वारांपैकी कोणीतरी पुढे होऊन दोन्ही हातांनी ती स्वीकारतो.