काळ मोजतो कोण?

शब्बाथशाळेतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने "काळ म्हणजे काय?" असे विचारले, तर आपण बहुधा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवू. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने तसे केले नाही. इ. स. ३९७ च्या सुमारास त्याने लिहावयास घेतलेल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाचे तेरा भाग आहेत. त्यांतील अकराव्या भागात त्याने या प्रश्नाशी झुंज घेतली आहे, आणि तीही देवाशी बोलता बोलता, प्रार्थना करीत.

त्याची अडचण अशी. भूतकाळ गेला, तो आता नाही. भविष्यकाळ अजून आलेलाच नाही. राहिला वर्तमान, पण वर्षाचा महिना, महिन्याचा दिवस, दिवसाची घटका असे कापीत गेलो, तर ज्याला लांबी आहे असा वर्तमान हाती लागतच नाही. तरीही 'आजचा उपदेश लांबला' असे आपण म्हणतोच! (ही तक्रार कित्येकदा खरीही असते.) मग आपण मोजले ते काय?

सूर्यचंद्रांची गती म्हणजेच काळ, हे उत्तर त्याला पटले नाही. यहोशवाच्या दिवशी सूर्य थांबला, पण लढाईला लागायचा तो वेळ लागलाच, असे तो दाखवून देतो. मग तो अँब्रोजच्या एका गीताची ओळ घेतो. तीत आठ अक्षरे, एक लघु, एक गुरू अशी. लघूच्या मापाने गुरू दुप्पट भरतो, हे आपल्या कानाला कळते. परंतु गुरू अक्षर संपल्यावाचून मोजता येत नाही, आणि तोवर लघु केव्हाच विरून गेलेले असते. तेव्हा आपण मोजतो ती अक्षरे नव्हेत, तर त्यांचा मनात राहिलेला ठसा. गेलेल्याचे स्मरण, असलेल्याकडे लक्ष आणि येणाऱ्याची अपेक्षा, ही तिन्ही मनातच नांदतात. आपली जाणीव अशी मागेपुढे ताणलेली असते, म्हणून आपल्याला काळ आहे.

वर्गात हे करून पाहावे. मुलांना तेविसावे स्तोत्र तोंडपाठ म्हणावयास सांगावे व मध्येच थांबवावे. किती म्हणून झाले आणि किती राहिले, हे प्रत्येकाला न मोजता ठाऊक असते. ऑगस्टीनचे स्वतःचे उदाहरणही पाठ असलेल्या स्तोत्राचेच आहे.

परंतु ज्याचे स्मरणच गेले, त्याच्या काळाचे काय? क्लाइव्ह वेअरिंग हे इंग्लंडमधील जुन्या संगीताचे जाणकार व गायकवृंदाचे संचालक. १९८५ साली एका विषाणूमुळे त्यांच्या मेंदूला सूज आली आणि नवे काही ध्यानात ठेवण्याची शक्ती नष्ट झाली. काही क्षणांपूर्वीचेही त्यांना आठवेना. आपण आत्ताच प्रथम जागे झालो, असे ते रोजनिशीत पुन्हा पुन्हा लिहीत आणि आधीची नोंद खोडून टाकीत. तथापि पियानोपुढे बसले की ते अख्खी रचना वाजवीत. गायकांपुढे उभे राहिले की त्यांना सुरुवातीपासून शेवटापर्यंत नेत. गीत चालू असेतोवर त्यांना मागचे आणि पुढचे दोन्ही होते. पत्नी खोलीत आली की, ती नुकतीच येऊन गेलेली असली तरी, जणू वर्षांनी भेटल्यासारखे ते तिला कवटाळीत.

ऑगस्टीन या भागात स्मरण हा एकच शब्द योजतो. आमच्या मते त्यात निदान दोन गोष्टी आहेत: घडलेले सांगता येणे, आणि अंगवळणी पडलेले पुढे चालविता येणे. पहिली गेली तरी दुसरी टिकू शकते.

हा प्रश्न आपल्या मंडळ्यांपासून दूरचा नाही. मुलांची नावे विसरलेल्या आजीला प्रभुभोजनाची भाकर द्यावी की नाही, 'तिला काय कळते?' अशी कुजबुज ऐकू येते. ऑगस्टीन तर स्वतःविषयीच म्हणतो की, आपण काळात विखुरलेले आहोत, आणि ही पांगापांग देवाशी एक झाल्यावरच मिटेल. अशी कबुली देणाऱ्याने कोणाला पंक्तीतून उठविले असते असे आम्हांस वाटत नाही.

अशा वडीलधाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला गेल्यावर "मला ओळखलंत का?" असे विचारण्याची आपल्याला खोड असते. ती परीक्षा घेऊ नये. त्यांच्या तरुणपणचे गीत त्यांच्याच जुन्या चालीवर धरावे आणि दुसऱ्या ओळीशी थोडे थांबावे. सगळेच गातील असे नाही, पण थांबावे.