मोबाईलच्या लहरी आणि अळिवाचे अंकुर

विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हटकून दिसतो. एका बशीतील भिजवलेल्या मटकीजवळ चालू मोबाईल, दुसरी बशी दूर. जवळचे अंकुर खुरटलेले आणि वर पाटी : ‘मोबाईलच्या प्रारणांनी पेशी मरतात!’ परीक्षक म्हणून मी विचारतो, “बशांचे तापमान मोजले का?” बहुधा उत्तर येत नाही.

2013 साली डेन्मार्कमधील नववीच्या पाच मुलींनी असाच प्रयोग केला. अळिवाची सहा तबके एका खोलीत आणि सहा वाय-फाय राउटर असलेल्या खोलीत. बारा दिवसांनी राउटरजवळचे बरेच बी उगवले नव्हते. बातमी जगभर गाजली. मात्र त्या तबकांजवळ संगणकही चालू होते. त्यांच्या उष्णतेने बी सुकले नसेल कशावरून?

आपण उष्णतेवरच का अडून बसलो आहोत? थोडे गणित करू. फोटॉनची ऊर्जा म्हणजे प्लँकचा स्थिरांक गुणिले कंप्रता. 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीसाठी ती सुमारे 0.0000074 इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे 3.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे जवळजवळ पाच लाख पट! क्ष-किरणांप्रमाणे डीएनएचे बंध थेट तोडणे या फोटॉनला शक्य नाही.

मग या लहरी करतात काय? पेशीतील पाण्याचे रेणू हलवतात. त्यातून उष्णता निर्माण होते. भारतात 2012 पासून हँडसेटसाठी मर्यादा आहे दर किलोग्रॅमला 1.6 वॅट. एवढी ऊर्जा ऊतकात साठतच गेली, तर तापमान 1 अंशाने वाढायला सुमारे 36 मिनिटे लागतील. प्रत्यक्षात रक्त ती उष्णता वाहून नेते.

प्रश्न येथेच मिटला असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली या लहरींना ‘कदाचित कर्कजनक’ गटात घातले. पुरावा मर्यादित, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही, असा त्याचा अर्थ. म्हणूनच प्रयोग चोख हवा.

तेव्हा यंदा बशा तीन घ्या. एकीजवळ बोलणे चालू असलेला मोबाईल (नुसता पडलेला मोबाईल फारच थोडा वेळ लहरी सोडतो), दुसरीजवळ तेवढीच कोमट पाण्याची बाटली, तिसरी मोकळी. तिन्हींत थर्मामीटर, बी मोजून शंभर, पाणी मापाने. अंकुरांची लांबी मोजणाऱ्या मित्राला कोणती बशी कोणती, हे सांगू नका. प्रयोग निदान तीनदा करा आणि आकडे आम्हाला कळवा. पाटी नंतर रंगवू.