शास्त्रपाठ : लोहचुंबकाची खरी कसोटी

आपल्या गांवोगांवच्या शाळांतील मुलांनीं लोहचुंबक पाहिला नाहीं, असें क्वचितच असेल. मोडक्या रेडिओच्या भोंग्यांतून काढलेला काळा तुकडा पुष्कळांच्या खिशांत असतो, व नदीच्या वाळूंतून तो ओढिला असतां त्यास काळ्या कणांच्या मिशा फुटतात. (हे कण म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांतून झिजून सुटलेलें लोहयुक्त खनिज होय.) परंतु चुंबक कशास म्हणावें असें विचारिलें, तर "जो लोखंडास ओढितो तो" एवढेंच उत्तर येतें. हें उत्तर खोटें नव्हे, पण अपुरें आहे. आणि त्याच्या अपुरेपणावर पोट भरणारीं माणसें बाजारांत बसतात. म्हणून हा पाठ केवळ परीक्षेपुरता समजूं नये.

समजा, विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातीं सारख्याच दिसणाऱ्या दोन सळया दिल्या. एक चुंबक, दुसरी साधें लोखंड. अन्य कोणतेंही साधन न घेतां ओळखा पाहूं! टोकास टोक लावाल, तर त्या चिकटतील. पण त्यावरून कांहींच कळणार नाहीं, कारण चुंबक लोखंडास जितक्या जोरानें ओढितो, तितक्याच जोरानें लोखंडही चुंबकास ओढितें. आतां पहिलीचें टोक दुसरीच्या बरोबर मध्यावर लावा. चुंबकाचें बळ त्याच्या दोन टोकांशीं एकवटलेलें असून मध्यभागीं तें जवळजवळ नसतें. तेव्हां टोक मध्यास जोरानें चिकटलें, तर पहिली सळई चुंबक. न चिकटलें, तर दुसरी.

ह्या दोन टोकांस ध्रुव म्हणतात. त्यांचा स्वभाव घरींच पाहतां येतो. शिवणाच्या दोन सुया घ्या. चुंबकाच्या एकाच टोकानें प्रत्येक सुई नेढ्याकडून अणीकडे तीसचाळीस वेळां घासा. मात्र परततांना चुंबक उचलून दुरून आणावा, मागेंपुढें घासूं नये. एक सुई पिंपळाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून मातीच्या परळांत पाण्यावर सोडा. ती हळूहळू वळून दक्षिणोत्तर स्थिर होईल. उत्तरेकडील टोक तो उत्तर ध्रुव, दुसरें तो दक्षिण ध्रुव. आतां दुसऱ्या सुईची अणी तरंगत्या सुईच्या अणीजवळ न्या. ती दूर सरेल. नेढ्याजवळ न्या, तें जवळ येईल. सजातीय ध्रुव एकमेकांस लोटितात, विजातीय ओढितात.

मग न घासलेली सुई जवळ नेली तर काय होतें? तरंगत्या सुईचीं दोन्ही टोकें तिच्याकडे येतात. चुंबकाच्या सान्निध्यानें साधें लोखंडही तेवढ्यापुरतें चुंबक बनतें, व त्याच्या जवळच्या बाजूस नेहमीं विजातीय ध्रुवच उत्पन्न होतो. म्हणून ओढणें ही साक्ष संशयित आहे. ती चुंबकही देतो आणि साधा खिळाही देतो. दूर लोटणें मात्र दोन चुंबकांवांचून घडत नाहीं. हीच खरी कसोटी. ती पाहतांना दुसरी सुई दुरून हळूहळू आणावी. फार बलवान् चुंबक एकदम जवळ नेला, तर दुबळ्या सुईचा ध्रुवच उलटतो आणि लोटण्याऐवजीं ओढ दिसते.

सुई उत्तरेकडे कां वळते? पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, हें इंग्लंडचे वैद्य विल्यम गिल्बर्ट ह्यांनीं १६०० सालीं आपल्या लॅटिन ग्रंथांत मांडिलें. त्याआधीं शतकानुशतकें विद्वानांच्या पोथ्यांत असें लिहीत आले होते कीं, लसूण चोळिल्यानें चुंबकाचें बळ जातें. १५८९ सालीं इटलीच्या पोर्टा ह्यांनीं लसूण खाऊन चुंबकावर श्वास सोडिला व त्यास लसणाचा रसही चोळिला. चुंबक जसाच्या तसा राहिला! इतकीं वर्षें हें करून पाहण्यास एक लसणाची पाकळी कोणास मिळाली नव्हती काय? पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें मुंबईस कुलाबा येथें १८४१ पासून होत असत. विजेच्या ट्रामगाड्या येणार व त्यांच्या प्रवाहानें नाजूक सुया ढळणार, हें ओळखून नानाभाई मूस ह्यांनीं तें काम अलिबागेस नेलें. तेथील वेधशाळा १९०४ सालीं सुरू झाली, व इमारतींत लोखंड वर्ज्य केलें. मुंबईंत ट्राम १९०७ सालीं विजेवर धावूं लागली. ट्राम गेली, अलिबागचें काम अद्यापि चालूं आहे.

आतां बाजाराकडे वळूं. चुंबकाचीं कडीं विकणारा मनुष्य कड्यास खिळा चिकटवून दाखवितो आणि म्हणतो, हें रक्तांतील लोह ओढून सांधेदुखी घालवील. खिळा चिकटला ह्यावरून कडें चुंबक आहे, इतकेंच फार तर म्हणावें. दुखणें जाईल हें त्यांत कोठें आलें? रक्तांतील लोह खिळ्यासारखें धातुरूप नसून इतर द्रव्यांशीं संयुक्त असतें, आणि अशा कड्याला तें ओढवत नाहीं. इंग्लंडांत सांधेदुखीच्या रोग्यांवर केलेल्या व २००९ आणि २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचण्यांत खोट्या कड्याहून खऱ्या कड्याचा अधिक गुण आढळला नाहीं. मजुरीचे पैसे त्यांत घालणाऱ्या आजीला हें नातवानें सांगावें, पण नम्रपणें. बिरुयाकरांनीं प्रत्यक्ष पौलाचेंही बोलणें शास्त्रांत शोधून पडताळिलें, व त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली.

आईबापांस एक सूचना. हल्लीं खेळण्यांत मिरीएवढे पण अतिशय बलवान् चुंबक येतात. मुलानें असे दोन गिळिले, तर आंतड्याच्या दोन वेढ्यांतून ते एकमेकांस ओढितात व आंतडें भोंकतात. संशय येतांच वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

पुढील पाठीं विजेनें चुंबक करूं. त्यासाठीं रोगण दिलेली दोन हात तांब्याची तार, एक लांब खिळा व टॉर्चची एक बॅटरी जमवून ठेवावी.